ध्वनिफितीची पुष्पिका



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या घराच्या पडवीत एक रेडिओ होता. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि साठीच्या दशकात, म्हणजे मी या शाळेत शिकत होतो त्या काळात, तो ऐकणे हा काकतीतल्या पाचसात घरांचा नेम होता. गुरुजी रेडिओच्या शेजारी एक रेघी वही घेऊन बसत. निवेदकाने सांगितलेले गायकाचे नाव, राग, चिजेचे पहिले शब्द, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, आणि शेवटी तारीख. गाणे संपले की वही मिटायची. आम्हा मुलांना त्या वहीचे हसू येई. गाणे तर हवेत विरून गेले, मग त्याचा हिशेब ठेवून करायचे काय, असा आमचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला मिळाले ते वयाची साठी उलटल्यावर, आणि आजचे व्याख्यान हे एका अर्थाने त्या उत्तराचेच व्याख्यान आहे.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगीतावर बोलावे हा अव्यापारेषु व्यापार आहे, याची मला जाणीव आहे. मी गाणारा नाही, शास्त्रकारही नाही. माझा व्यवसाय जुन्या पोथ्या वाचण्याचा. परंतु गेली पन्नास वर्षे मी मैफलींच्या ध्वनिफिती गोळा केल्या, दुसऱ्यांना उतरवून दिल्या, दुसऱ्यांकडून मागून घेतल्या, आणि हे करता करता माझ्या ध्यानात आले की कॉलेजात मी जे शिकवीत होतो आणि घरी कपाटात जे साठवीत होतो ती दोन्ही एकाच जातीची वस्तू आहे. मैफलीची ध्वनिफीत म्हणजे पोथी. ती नकलकाराच्या हातून पसरते, नकलेगणिक थोडी बिघडते, आणि तिच्या अखेरीस पुष्पिका नसेल तर ती अर्धीच उरते.

पुष्पिका हा शब्द सर्वांच्या परिचयाचा असेलच असे नाही. हस्तलिखित पोथी लिहून संपली की लेखक शेवटी चार ओळी लिहीत असे: शके अमुक, संवत्सर अमुक, तिथी, वार, कोणत्या गावी, कोणाच्या हस्ताक्षराने, कोणासाठी लिहिली. काही लेखक पुढे अशीही विनवणी करीत की ही पोथी तेलापाण्यापासून जपावी, मूर्खाच्या हाती देऊ नये. मूळ ग्रंथाशी या मजकुराचा काही संबंध नसतो. तरीही संशोधक पोथी हाती घेतो तेव्हा प्रथम शेवटचे पान उलटतो. ग्रंथ केव्हाचा, कोणत्या परंपरेतला, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे त्या चार ओळी सांगतात.

आता मैफलीकडे वळू. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण आले १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. लाखेच्या त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. जो ख्याल बैठकीत तासभर चाले तो तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे हत्तीला पेटीत घालण्यासारखे होते. मिरजेत ज्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ते अवघड काम असे काही साधले की त्यांच्या तबकड्या आजही लोक डोळे मिटून ऐकतात. पण सर्वांची वृत्ती तशी नव्हती. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या दरबारी असलेले अल्लादिया खाँ १९४६ साली निवर्तले. आपल्या या टापूतल्या गायकीवर ज्यांचा सर्वांत खोल ठसा उमटला त्या पुरुषाने आपला आवाज तबकडीवर कधीच दिला नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज आज आपल्याजवळ नाही. आपली विद्या यंत्रात गेली की ती कोणाच्याही हाती पडेल, ही त्या पिढीची भीती होती. तिला केवळ हट्ट म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही. ज्याने बारा वर्षे गुरूचे पाणी भरून एक चीज मिळविली, त्याला ती चार आण्यांत बाजारात मिळणे रुचावे कसे?

तबकडीनंतर लाँगप्ले आली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. परंतु तीही स्टुडिओतली. समोर श्रोता नाही, आणि घड्याळाचा काटा गायकाच्या मानेवर. खरा बदल घडविला तो चुंबकीय फितीने. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत असे. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती बत्तीस मिनिटे चाले, निम्म्या वेगाने चौसष्ट. आवाजाची थोडी प्रत सोडली की सबंध बडा ख्याल, मध्ये कात्री न लावता, एका बाजूवर उतरू लागला. मात्र स्पूलचे यंत्र जड, महाग आणि विजेवर चालणारे. ते श्रीमंत रसिकाच्या दिवाणखान्यातच असायचे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून आखाती देशांत कामाला गेलेली आपली मुले टू-इन-वन घेऊन परतू लागली, आणि तेव्हा हे यंत्र शाळामास्तरच्या, कारकुनाच्या, तंबाखूच्या वखारीतल्या दिवाणजीच्या हाती आले. हे महत्त्वाचे अशासाठी, की मैफलीचा खरा संग्रह करणारा माणूस बहुधा याच वर्गातला होता.

मैफलीच्या फितीत असे काय असते, जे स्टुडिओतल्या तबकडीत नसते? तबल्यावर हातोडी पडल्याचा आवाज असतो. गायकाने पेटीवाल्याला हळूच दिलेली सूचना असते. कोणाचा तरी खोकला, दूरवर आगगाडीची शिटी, समेवर उठलेली दाद. पण याहून मोठी गोष्ट अशी की ख्याल ही पाठ केलेली वस्तू नाही. तोच गायक तोच राग आज गाईल आणि महिन्याने गाईल, तर दोन्ही गाणी एक नसतात. काकतीपासून फारशा दूर नसलेल्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, यांच्याबद्दल तर हे विशेषच खरे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर पाच-सहा वर्षांच्या मौनानंतर देवासला ज्यांनी आपले गाणे नव्याने उभे केले, त्यांच्या एका रागाच्या तीन मैफली शेजारी ठेवून ऐकाव्यात. एकाच कवितेचे तीन खर्डे वाचल्याचा अनुभव येतो. कोणता शब्द खोडला, कोणता ठेवला, कुठे कवी अडखळला आणि त्या अडखळण्यातूनच पुढची ओळ कशी निघाली, हे सारे तिथे दिसते. छापील संग्रहात फक्त अखेरचा पाठ असतो.

म्हणूनच संग्राहक एका मैफलीवर थांबत नाही. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटते. माझ्या सौभाग्यवतीलाही वाटे. ‘एकच गाणे किती वेळा आणणार?’ असे ती विचारी, आणि माझ्याजवळ धड उत्तर नसे.

हे वेड आपलेच आहे असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो. माझा तो समज शिकागोजवळ स्थायिक झालेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने दूर केला. ‘सर, तुमचे हे कॅसेटचे प्रकरण इथे रॉक संगीतात चालते,’ असे तो म्हणाला, आणि सुट्टीत आला तेव्हा ‘ग्रेटफुल डेड’ नावाच्या बँडच्या चार कॅसेटी माझ्यापुढे ठेवल्या. संगीत मला फारसे रुचले नाही, हे कबूल करतो. पण त्याने सांगितलेली हकिकत ऐकून मी थक्क झालो. हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात निघाला आणि त्याचा नायक जेरी गार्सिया १९९५ साली वारला तोवर चालला. या तीस वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले, आणि एकही कार्यक्रम दुसऱ्यासारखा नसे. तीन मिनिटांचे गाणे ते उपजेने वाढवीत वीस मिनिटांवर नेत. साहजिकच त्यांच्या चाहत्यांना प्रत्येक कार्यक्रमाची फीत हवी असे. इतर बँड अशा चोरट्या मुद्रणावर खटले भरत असताना या मंडळींनी ते चालू दिले. १९८४ च्या ऑक्टोबरात तर त्यांनी प्रेक्षागृहात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी निराळी जागाच राखून ठेवली. तिथे उंच काठ्यांना मायक्रोफोन बांधून ही मंडळी उभी राहत. अट एकच: फीत विकायची नाही.

कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपाल पाठवायचे, समोरच्याने आपल्याजवळची मैफल उतरवून धाडायची, असा त्यांचा व्यवहार होता. एकाने पाचांना द्यायची, त्या पाचांनी प्रत्येकी आणखी पाचांना, अशी झाडाच्या फांद्यांसारखी वाटणी होई. आणि १९८७ साली त्यांच्यापैकी काहींनी एक जाडजूड ग्रंथच छापला, ज्यात कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली याची नोंद होती. गुरुजींची रेघी वही मला त्या क्षणी आठवली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या एका कार्यक्रमाची फीत अशी हातोहात पसरत गेली आणि अखेर अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत तिला स्थान दिले. तशी ही हौस याहूनही जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायनेल मेपल्सन याने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, चालू प्रयोगांत, मेणाच्या नळकांड्यांवर गायकांचे आवाज टिपले होते. खरखरीच्या पडद्याआडून ते आजही ऐकू येतात.

कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च! आमचाही व्यवहार नेमका हाच होता, आणि तो आम्हाला कोणी शिकविला नव्हता. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू, हुबळीला गंगूबाई हनगल. मधल्या पट्ट्यात बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज, सांगली. या रस्त्याने गायक जसे फिरत तशा फितीही फिरत. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या काकतीच्या दारावरून जातो. राणी चन्नम्मांच्या या जन्मगावी थांबणाऱ्या लॉऱ्यांतून कांदा, गूळ, तंबाखू यांच्याबरोबर किती बडे ख्याल गेले असतील याचा हिशेब कोणत्याही नाक्यावर नाही. निपाणीहून माझ्यासाठी निघालेले पुडके लॉरीवाला बेळगावात एका पानपट्टीवर ठेवी. त्यावर ‘नाजूक वस्तू’ असे लिहिलेले असे, आणि पानपट्टीवाल्याला बरीच वर्षे वाटत होते की आत काचेच्या बांगड्या आहेत.

या देवघेवीचे नियम कोठे लिहिलेले नव्हते, पण ते मोडणाऱ्याला पुढची फीत मिळत नसे. पैसे घ्यायचे नाहीत. ज्याच्याकडून मिळाली त्याला विचारल्याखेरीज तिसऱ्याला द्यायची नाही. नक्कल करताना मुळातले काही गाळायचे नाही. आणि सोबत चिठ्ठी द्यायची. याउलट वागणारेही होते, हे सांगितले पाहिजे. एक संग्राहक मला ठाऊक होते, ते नक्कल देताना आरंभीचा आलाप मुद्दाम कापून देत, म्हणजे सबंध मैफल फक्त आपल्याजवळ राहील. मला त्यांच्यावरून महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांची आठवण होई. महानुभावांनी ग्रंथ दडविले त्याला काही कारण होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली संशोधकांना मिळाल्यावर मराठीचे एक सबंध दालन उघडले. आमच्या त्या गृहस्थांच्या बाबतीत किल्ली त्यांच्याबरोबरच गेली. त्यांच्या मुलाने कॅसेटी रद्दीवाल्याला दिल्या.

नक्कल ही गोष्ट थोडी तपशिलाने समजून घ्यावी लागते. आज संगणकावरच्या ध्वनीची प्रत काढली तर ती मुळाबरहुकूम निघते. फितीचे तसे नव्हते. कॅसेटमधली फीत सेकंदाला पावणेदोन इंचांच्या किंचित पुढे, म्हणजे ४.७६ सेंटिमीटर, या मंद गतीने सरकते आणि प्रत्येक नकलेबरोबर तिच्यावर ‘सूं’ असा आवाज चढत जातो. तिसऱ्या-चौथ्या नकलेत तानपुऱ्याची तार त्या आवाजात बुडते. याहून फसवा दोष वेगाचा. मुद्रण करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरले असतील तर फीत हळू चालते. तीच फीत घरच्या चांगल्या यंत्रावर लावली की गायकाचा स्वर चढा ऐकू येतो. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की अख्खा अर्धा स्वर सरकतो, काळी एक होती ती पांढरी दोन होते. मग कोणीतरी विद्वान लिहितो की अमुक बुवा उतारवयात वरच्या पट्टीत गाऊ लागले होते! पोथीत एका लेखकाने ‘व’चा ‘ब’ केला आणि पुढच्या साऱ्या प्रतींनी तो ‘ब’ प्रामाणिकपणे उतरविला, तसा हा प्रकार. यावर एक मौजेचा उपाय आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्राने मुद्रण केले असेल तर विजेचा बारीक गुंजारव फितीवर बसलेला असतो. आपल्याकडे तो सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. फितीवर तो बावन्न भरला तर वेग किती सुधारायचा हे कळते. ज्या गुणगुणीने आयुष्यभर कान किटविले तीच अखेर साक्षीला येते.

आणि बाजू उलटण्याची व्यथा! नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गायक नेमका अंतऱ्यावर आलेला असताना खटका उडतो. कॅसेट काढून, उलटून, पुन्हा बटण दाबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. माझ्या संग्रहातल्या कितीतरी मैफलींत असे खंडित स्थळ आहे. हस्तलिखितात वाळवीने खाल्लेल्या जागी आपण ठिपके देतो आणि पुढे वाचू लागतो. पण पुढच्या पिढीतल्या एका तरुण गायकाने अशाच एका फितीवरून चीज उचलली, आणि त्या खंडित जागी तोही झटकन पुढे उडी घेऊ लागला. त्याला ते त्या गायकाचे वैशिष्ट्य वाटले होते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अनेक प्रती जमवून, पाठभेद पाहून केलेले ते काम. मैफलीच्या बाबतीत हे काम व्यक्तींनी आणि संस्थांनी थोडेफार केले आहे. कुमारजींचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी मुंबईत ‘संवाद फाउंडेशन’च्या द्वारे अनेक घराण्यांच्या गवयांचे गाणे आणि बोलणे मुद्रित करून ठेवले. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय स्थापले. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था उभारली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने खासगी मैफलींची मुद्रणे कॅसेटरूपाने रसिकांपुढे आणली. ही कामे मोलाची आहेत. परंतु बेळगाव-निपाणीसारख्या ठिकाणच्या कपाटांपर्यंत ती पोहोचली असे मला दिसत नाही. मी स्वतः एकदा बारा स्पूल एका संस्थेला नेऊन दिले. दोन वर्षांनी चौकशी केली, तेव्हा असे काही आल्याची नोंद नाही असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी पावती घेतो.

कलावंताच्या संमतीचा प्रश्न इथे टाळता येणार नाही. आम्ही नेहमी विचारून मुद्रण करीत होतो असे मी म्हणालो तर ते खोटे होईल. यजमानाला विचारत होतो. यजमानाने मान डोलावली की गायकाचीही संमती आहे असे धरून चालत होतो. केसरबाई केरकरांसारख्या मानी गायिकेला हे खपत नसे, आणि तरीही त्यांच्या मैफलींची मुद्रणे रसिकांत फिरत राहिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला स्वतःच्या गाण्यावर हक्कच नव्हता. गीत लिहिणाऱ्याला होता, तबकडी काढणाऱ्याला होता, मधला गाणारा मात्र मोकळाच राहिला होता. १९९४ च्या दुरुस्तीने तो हक्क आला आणि १९९५ पासून अमलात आला. आता तो पन्नास वर्षांचा आहे. स्वतःच्या खासगी ऐकण्यासाठी, तसेच खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण कायद्याने चालते. एकाने शंभरांना वाटणे, किंवा इंटरनेटवर ठेवणे, ही त्या सवलतीत बसणारी गोष्ट नव्हे. कायदा बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच: एखाद्या वृद्ध गायकाचा आवाज त्या रात्री लागला नव्हता, तो स्वतःच दोनदा म्हणाला की आज जमत नाही. ही फीत पसरवायची का? माझ्याजवळ अशी एक आहे. ती मी कोणाला दिलेली नाही. पण पुसलेलीही नाही.

पुसण्यावरून आठवले. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांस प्लास्टिकच्या चिमुकल्या जिभा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. हे मला माहीत होते, आणि तरीही १९८३ साली मी बी.ए.च्या वर्गासाठी केशवसुतांवरचे माझे व्याख्यान मुद्रित केले ते ज्या कॅसेटवर, तिच्या जिभा मी मोडल्या नव्हत्या. एका रात्रीच्या मारव्याची पहिली अकरा मिनिटे त्यामुळे गेली. ती कॅसेट आजही आहे. आधी अकरा मिनिटे मी बोलतो, मग एका शब्दाच्या मध्यावर माझा आवाज तुटतो आणि मारवा सुरू होतो. त्या अकरा मिनिटांत मी फार महत्त्वाचे काही बोललेलो नाही.

आता निपाणीच्या माझ्या स्नेह्यांकडे येतो. तंबाखूच्या वखारीत ते दिवाणजी होते. घरची भाषा मराठी, वखारीतली अर्धी कानडी. चाळीस वर्षांत त्यांनी जमविलेल्या २१२ कॅसेटी, त्यांच्या पश्चात, त्यांच्या सुनेने माझ्या स्वाधीन केल्या. वखारीतल्या सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक कॅसेटला क्रमांक घातला होता आणि तपशील एका खतावणीत लिहिला होता. कॅसेटीवर फक्त क्रमांक, बाकी सारे खतावणीत. पद्धत उत्तमच. पण एका पावसाळ्यात माळ्यावर पाणी शिरले आणि खतावणीची मधली पाने लगदा झाली. कॅसेटींना बुरशी धरली होती, ती मी आणि माझ्या नातवाने महिनाभर बसून पुसली. बहुतेक वाचल्या. क्रमांक ८१ ते १४० या साठ कॅसेटींचा तपशील मात्र कायमचा गेला. ध्वनी शाबूत राहिला आणि पुष्पिका बुडाली. गुरुजींच्या वहीतले गाणे हवेत विरले आणि नोंद उरली होती, इथे नेमके उलटे झाले. दोहोंपैकी कोणता नाश मोठा, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या साठांपैकी पंचेचाळीसांची ओळख आता पटली आहे. काही आवाजच असे असतात की चिठ्ठी लागत नाही. काही ठिकाणी श्रोत्यांतल्या कोणीतरी गायकाला नावाने हाक मारली आहे. एका फितीत यजमानाने आभार मानताना संवत्सराचे नाव घेतले, त्यावरून साल निघाले. काही चिठ्ठ्या कॅसेटच्या डबीत कानडीत मिळाल्या, त्या मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतल्या. सीमेच्या अलीकडे-पलीकडे कोणाची भाषा कोणती यावर आपण आयुष्ये खर्च केली, आणि गायक मात्र बडा ख्याल ब्रजभाषेत, नाट्यपद मराठीत आणि शेवटचे वचन कानडीत गाऊन मोकळा होत असे. पंधरा कॅसेटी अजून मुक्या आहेत, म्हणजे गातात भरपूर, पण कोण ते सांगत नाहीत.

त्यांतली एक, क्रमांक ११७. तिच्यावर, एरवीचा नियम मोडून, माझ्या स्नेह्यांनी पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आहेत: ‘धारवाड, शेवटची’. शेवटची म्हणजे काय? त्या रात्रीच्या तीन कॅसेटींपैकी शेवटची? त्या गायकाची अखेरची मैफल? की स्नेह्यांनी स्वतः मुद्रित केलेली शेवटची? ग्रंथसंपादनात अशा एका शब्दावर मी विद्यार्थ्यांचे तासच्या तास घेतले आहेत. फितीतला पुरावा असा: पहिली बाजू एका तराण्याच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे आधीची एक फीत असलीच पाहिजे. पुढे भैरवीत एक कानडी वचन आहे आणि ते संपल्यावर सतरंज्या उचलल्याचा आवाज. म्हणजे पहिला अर्थ तरी खरा. परंतु गायकाचा आवाज थकलेला आहे, आणि भैरवीच्या आधी ते श्रोत्यांशी हलक्या स्वरात जे बोलले त्यावरून दुसरा अर्थही खोटा म्हणवत नाही. गायक कोण असावेत याविषयी माझा तर्क पक्का आहे. त्यांचे नाव मी या व्यासपीठावरून घेत नाही, कारण त्यांच्या घरच्यांशी माझे बोलणे अजून व्हायचे आहे आणि ती फीत प्रथम त्यांच्या कानी पडावी असे मला वाटते.

या साठही कॅसेटी आता संगणकावर उतरविल्या आहेत. एका तासाच्या मैफलीला, ध्वनी न दाबता ठेवला, तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते, आणि माझ्या नातवाच्या मते ती आज काहीच नव्हे. त्याने प्रत्येक मैफलीसाठी एक तक्ता केला आहे: गायक, राग, साथ, गाव, यजमान, तारीख, मुद्रण कोणी केले, कितवी नक्कल. रकाने गुरुजींच्या वहीतलेच आहेत, चार अधिक. क्रमांक ११७ च्या तक्त्यात गाव भरले आहे, ‘मुद्रण कोणी केले’ हे भरले आहे, बाकीचे कोरे आहे.

हे व्याख्यान पुस्तिकेतून धारवाड, हुबळी आणि कोल्हापूर येथल्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत जाणार आहे, म्हणून एवढे नोंदवितो. बैठक एका घराच्या माडीवर झाली असावी, कारण जिना चढणाऱ्यांची पावले फितीत ऐकू येतात. पाऊस पडत होता. तबलजींना गायक ‘बाळू’ असे म्हणतात. तराणा चालू असताना वीज एकदा गेली आणि आली, पण गाणे थांबले नाही. यंत्र सेलवर चालले असावे, म्हणूनच ते टिपले गेले. अंधारात एका लहान मुलीने ‘अप्पा’ म्हणून हाक मारली आहे. ती मुलगी आज साठीच्या आसपास असेल.